चौथऱ्यावरचं इंजिन बंदच का असावं?

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तिथे शिरलेल्या माणसाचे पाय कुठे वळणार हे ठरलेलंच असतं. आधी वाफेची इंजिनं, मग पतियाळा संस्थानची ती गमतीदार मोनोरेल, मग मुलांच्या हट्टापायी छोट्या गाडीची रांग. त्याच आवारात 18040 या नंबरचं एक डिझेल इंजिन उभं आहे. त्याच्यापाशी फारसं कुणी थांबत नाही. थांबावं तरी कशासाठी? धुराडं नजरेत भरत नाही, चाकांना जोडणारे दांडे नाहीत, पितळी घंटा नाही. एक लांबलचक लोखंडी पेटी, तिच्या एका टोकाजवळ ड्रायव्हरची खोली, खाली सहा जोड्या चाकं. वाफेचं इंजिन स्वतःचं काम उघड्यावर करतं, म्हणून ते बंद असलं तरी पाहणाऱ्याला काहीतरी कळतं. डिझेलचं सगळं पोटात. ते बंद पडलं की मुकंच होतं.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे: जतन केलेलं डिझेल इंजिन चालू स्थितीत नसेल, तर त्याच्या जतनाचा बराचसा अर्थ जातो. आणि हे ठरवायला आपल्या हातात फार वर्षं नाहीत.

आधी या 18040 ची ओळख. त्याचा वर्ग डब्ल्यूडीएम-2. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र, प्रवासी गाडीलाही चालेल आणि मालगाडीलाही. 1962 साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, स्केनेक्टडी या गावी, अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीनं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'आल्को'नं हा वर्ग बांधून आपल्याकडे पाठवला आणि त्यातलं हे पहिलं. 16 सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, वजन 112.8 टन, कमाल वेग ताशी 120 किलोमीटर. फलकावर लिहायला हे आकडे सोपे असतात. खरी गोष्ट आकड्यांच्या मागे आहे.

पन्नाशीच्या दशकात रेल्वेपुढे अडचण होती ती कोळशाची आणि पाण्याची. पोलादाचे कारखाने उभे राहत होते, त्यांना कोळसा हवा होता, आणि तो कोळसा वाहून नेणारी इंजिनंही कोळसाच खात होती. वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्सासुद्धा गाडी ओढायला येत नाही, बाकीची धुराड्यातून आकाशात जाते. शिवाय ठरावीक अंतरावर थांबून पाणी भरायचं. कोरड्या मुलखात हे पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न स्टेशनमास्तरच्या झोपेवर बसलेला. 1957 पासून आल्कोकडून डब्ल्यूडीएम-1 ची शंभर इंजिनं आली. डिझेलला पाणी लागतं ते स्वतःला थंड ठेवण्यापुरतं, आणि तेही फिरून फिरून तेच.

पण विकत घेणं वेगळं आणि बनवायला शिकणं वेगळं. 1962 साली आपल्याकडे दोन अमेरिकी घराण्यांची 2600 अश्वशक्तीची इंजिनं आली. एक आल्कोचं डब्ल्यूडीएम-2, दुसरं जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-4. दुसरं काही कमी नव्हतं. 1969 च्या मार्चमध्ये हावडा-दिल्ली अशी पहिली राजधानी एक्स्प्रेस धावली ती त्याच्याच जोरावर. तरी घर वसवलं गेलं ते आल्कोबरोबर, कारण तंत्रज्ञान हस्तांतराचा करार आल्कोशी झाला. वाराणसीत 1961 साली कारखाना उभा राहिला आणि 3 जानेवारी 1964 ला तिथून पहिलं इंजिन बाहेर पडलं. सुरुवातीला अमेरिकेहून सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू भागही इथलेच.

आणि पाच वर्षांनी आल्कोच संपली. 1969 मध्ये स्केनेक्टडीत इंजिनं बनणं थांबलं. माहेर बुडालं, पण इकडे सासरी संसार असा वाढला की डब्ल्यूडीएम-2 ची संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली. त्याच्या पोटातल्या, 251 नावाच्या आल्कोच्या डिझेल यंत्रावर वाराणसीतली माणसं पुढे कित्येक दशकं काम करत राहिली. त्याची ताकद 3100 अश्वशक्तीच्याही पुढे नेली, डिझेलची भूक कमी केली, टांझानिया, व्हिएतनाम, बांगलादेश, श्रीलंका इथवर इंजिनं पाठवली. श्रीलंकेत एम-8 नावानं धावणारं इंजिन म्हणजे आपलं डब्ल्यूडीएम-2 च. जनरल मोटर्सच्या घराण्याचं तंत्रज्ञान वाराणसीत आलं ते थेट नव्वदच्या दशकात.

ही गोष्ट निखळ स्वदेशीची नाही आणि नुसत्या नकलेचीही नाही. परक्याची वस्तू घेतली, ती उघडली, समजून घेतली, आणि मूळ मालक बाजारातून उठून गेल्यावरही ती जिवंत ठेवली. आपल्या औद्योगिक इतिहासातला हा फार प्रामाणिक आणि फार उपयोगाचा धडा आहे. चौथऱ्यावरच्या फलकांवर मात्र साधारणपणे वर्ष, वजन, अश्वशक्ती आणि कुणाच्या हस्ते अनावरण झालं ते नाव, एवढंच असतं. नावाचा टाइप सगळ्यांत मोठा.

माझं लहानपण मिरजेचं. मिरज जंक्शनवर तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ येऊन मिळायचे. मुंबईहून येणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं विजेचं इंजिन पुण्याला सुटायचं आणि डिझेल लागायचं. इंजिन लागताना डब्यांना बसणारा तो धक्का ही आमच्यासाठी घराची चाहूल होती. मुंबईच्या नातेवाइकांना याचं काही नसे. त्यांच्याकडे 1925 सालापासून वीज, त्यांची डेक्कन क्वीन 1930 साली सुरू झाली त्या पहिल्या दिवसापासून विजेवर. डिझेलचा महाराष्ट्र पुण्याच्या पुढे सुरू व्हायचा. सातारा, सांगली, कोल्हापूर, दौंड-मनमाड, मराठवाडा, आणि नंतर कोकण. कोकण रेल्वे तर 20 जून 2022 ला पूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण होईपर्यंत मुख्यतः डिझेलचीच. त्या बोगद्यांमध्ये खिडकी बंद करायला धावलेल्या प्रत्येकाला हे आठवत असेल.

आणि मिरजेच्याच रुळांवरून 11 एप्रिल 2016 ला एक गाडी निघाली. दहा वॅगन, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. 'जलदूत' हे नाव सगळ्यांच्या लक्षात आहे. कृष्णेचं पाणी मांजरेच्या खोऱ्यातल्या तहानलेल्या शहराला देणारी ती गाडी पुढे 50 वॅगनची झाली आणि तो अख्खा उन्हाळा ये-जा करत राहिली. मिरज-लातूर मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या. ओढत होतं ते डिझेल इंजिन. ज्या यंत्राला आपण पाण्याच्या टंचाईपायी बोलावलं, त्यानंच अर्धशतकानंतर टंचाईच्या गावाला पाणी नेऊन दिलं. फोटो निघाले ते वॅगनचे आणि पुढाऱ्यांचे. माझ्या मते त्या इंजिनाचा नंबर लातूर स्टेशनाच्या भिंतीवर कोरलेला असायला हवा. जतन करायचं इंजिन निवडताना 'पहिलं' आणि 'शेवटचं' एवढ्या दोनच कसोट्या आपल्याला सुचतात. कामाची कसोटी का सुचू नये?

आता दुखण्याकडे येतो. आमच्या भागातल्या एका स्टेशनाबाहेर, नाव घेत नाही, एक छोटं डिझेल इंजिन चौथऱ्यावर चढवलेलं आहे. आजूबाजूला हिरवळ, साखळीचं कुंपण, संध्याकाळी रंगीत दिवे. त्याचा मूळ रंग कोणता होता हे आता खरवडून काढल्याशिवाय कळणार नाही, कारण दर वर्षी दोन वर्षांनी नवा थर चढतो. गंमत म्हणजे काचाही रंगवलेल्या. मी एकदा तिथल्या एका साहेबांना विचारलं, आतली स्थिती कशी आहे? ते म्हणाले, "रंग देतो की आम्ही दर वर्षी." त्यांचा दोष नाही. त्यांच्या वहीत 'देखभाल' या खान्यात रंगाचाच खर्च बसतो.

आत काय होत असतं ते सांगतो. डिझेल इंजिनाच्या छपरावर रेडिएटरच्या पंख्याची जाळी असते, सायलेन्सरचं तोंड असतं. उघड्यावर उभं केलं की पावसाचं पाणी इथूनच आत जातं. ते तळाशी साचतं, तिथून पत्रा सडायला लागतो. चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर सोडायची वाळू ज्या डब्यांत ठेवतात, ती ओल धरते. रबरी नळ्या तडकतात. तांब्याच्या जाड केबली आणि पितळी भाग तर पावसाआधीच कुणाच्या तरी नजरेत भरलेले असतात. दहा-बारा पावसाळ्यांनंतर जे उरतं त्याला मी जतन केलेलं इंजिन म्हणणार नाही. तो इंजिनाच्या आकाराचा रंगवलेला पत्रा असतो.

त्यामुळे माझं पुढचं मत माझ्याच रेल्वेवेड्या मित्रांना आवडत नाही. इंजिनं दुरुस्त होतात त्या शेडच्या फाटकाशी, बागेत, कार्यालयासमोर अशी एकेक इंजिनं उघड्यावर उभी करण्यापेक्षा ती भंगारात गेलेली बरी. निदान लोखंड कामाला येईल. देशभरात मोजकीच इंजिनं ठेवा. पण छपराखाली ठेवा, आणि त्यातली काही चालती ठेवा.

सगळीच चालती का नकोत, याला कारण आहे. धावणाऱ्या इंजिनाचे भाग बदलत राहावे लागतात. डब्ल्यूडीएम-2 च्या आयुष्यात सिलिंडरचा ब्लॉक बदलतो, मोटर बदलतात, बोगी म्हणजे चाकांचा सांगाडा बदलतो. कित्येकांना तर पतियाळाच्या कारखान्यात नेऊन पुन्हा बांधलं गेलं आणि 2600 ची 3100 अश्वशक्ती करून पाठवलं गेलं. म्हणजे 1962 च्या मूळ बांधणीचं जे काही आज शिल्लक असेल तो एक दस्तऐवज आहे. 18040 ला मी हात लावू देणार नाही. त्याचा स्क्रूसुद्धा नोंद केल्याशिवाय काढू नये, आणि रंगाचे थर तपासून मूळ रंग कुठला होता ते लिहून ठेवावं. पण त्याचा एखादा धाकटा भाऊ, ज्याच्यासारखी शेकडो झाली, तो चालता असायला काय हरकत आहे?

कारण डिझेलचा इतिहास डोळ्यांपेक्षा कानाला जास्त कळतो. उभ्या आल्कोचा तो अडखळता, थोडा लंगडा ठेका ज्यानं ऐकलाय त्याला तो झोपेतही ओळखता येईल. ड्रायव्हर हँडलच्या आठ खाचांतून, म्हणजे 'नॉच'मधून, वर चढायला लागला की आधी धुराचा काळा लोट उठतो. लोकांना वाटतं इंजिन खराब आहे. खरं असं की डिझेल लगेच वाढतं, पण हवा कोंबणारा टर्बो हा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावरच फिरतो, त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्यात हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं, धूर काळा होतो. टर्बो जागा झाला की धूर पातळ होतो आणि गाडी हलते. ही एवढी गोष्ट दहा मिनिटं चालत्या इंजिनाजवळ उभं राहिलं की आठवीतल्या पोरालाही समजते. डिझेल चाकं फिरवत नाही, ते जनरेटर फिरवतं, आणि चाकं फिरवतात त्या आसांवरच्या विजेच्या मोटर, म्हणजे डिझेल गाडी हीसुद्धा आतून विजेचीच गाडी आहे, हेही तिथेच कळतं. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे मुलं तासभर का रमतात? कारण तिथे गाड्या चालतात. खेळण्यातल्या आहेत, तरी चालतात.

वाफेच्या बाबतीत आपल्याला हे केव्हाच कळलं. फेअरी क्वीन, एकोणिसाव्या शतकातलं वाफेचं इंजिन, 1909 साली निवृत्त झाली होती, तिला 88 वर्षांनी, 1997 मध्ये पुन्हा रुळावर आणलं. हरियाणात रेवाडीला वाफेच्या इंजिनांसाठी खास शेड जपली. चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात 1970 साली ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बनलं तेव्हा त्याला 'अंतिम सितारा' असं नाव दिलं. वाफेचा मोह इतका की गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद धावणाऱ्या वारसा गाडीत विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं सोंग दिलेलं आहे. कालका-शिमला मार्ग जागतिक वारसा म्हणून मान्य झाला, तिथल्या रोजच्या गाड्या डिझेल ओढतं, पण पत्रिकांवर चित्र छापलं जातं ते धुराड्याचं. माझं वाफेशी वैर नाही. पण आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेक मराठी माणसांनी आयुष्यात केलेला जवळजवळ सगळा लांबचा प्रवास डिझेलच्या मागे बसून केला आहे. आजोबांची आठवण आपण जपतो आणि स्वतःची भंगारात काढतो, असं काहीसं चाललं आहे.

इंग्रज लोकांनी ही चूक करून पाहिली आहे. त्यांचं पहिलं मुख्य मार्गावरचं डिझेल इंजिन, नंबर 10000, डिसेंबर 1947 मध्ये डर्बीच्या कारखान्यातून निघालं. वाफेवर जीव टाकणाऱ्या त्या देशात ते कुणाला वारसा वाटलंच नाही, आणि 1968 साली ते कापून टाकलं. आता तिथली हौशी मंडळी वर्गणी काढून ते नव्यानं बांधायला बसली आहेत. पोटात बसवायला त्याच प्रकारचं जुनं डिझेल यंत्र शोधून मिळवलं, सांगाड्यासाठी दुसरंच लोकोमोटिव्ह घेतलं. जे फुकट ठेवता आलं असतं ते आता पै पै जमवून परत आणायचं. त्यानंतरच्या 'डेल्टिक' वर्गाच्या वेळी मात्र लोक शहाणे झाले होते. एकूण 22 इंजिनं, 1980 च्या सुमारास निवृत्त होऊ लागली तेव्हाच हौशी संस्थेनं पैसे उभे केले. सहा वाचली, आणि त्यांतली काही पुन्हा मुख्य मार्गावर प्रवासी घेऊन धावली.

यावर आपल्याकडे हमखास दोन आक्षेप येतात. पहिला धुराचा. विद्युतीकरणावर एवढा खर्च करून पुन्हा डिझेल कशाला? वर्षातून चार-सहा दिवस चालणाऱ्या एका इंजिनानं हवा बिघडत असेल तर आधी आपल्या चौकांतले जनरेटर मोजू या. दुसरा आक्षेप पैशाचा, तो खरा आहे. पण याचंच उत्तर आजच्या घाईत आहे. ब्रॉडगेजचं जाळं जवळजवळ पूर्ण विजेखाली आलं, आल्को घराण्याची इंजिनं रांगेनं निवृत्त होत आहेत. म्हणजे सुटे भाग आज भंगाराच्या भावात ढिगानं पडले आहेत. पिस्टन, इंजेक्टर, टर्बो, मोटर. एका इंजिनाला तीस वर्षं पुरतील एवढे भाग एका गोदामात मावतील. दहा वर्षांनी हेच भाग एकेक करून बनवून घ्यावे लागतील, तेव्हा खर्च पाहून फाइल बंद होईल.

भागांपेक्षाही नाशवंत गोष्ट म्हणजे माणसं. पुणे आणि कल्याणच्या शेडमध्ये ज्यांनी उभं आयुष्य या इंजिनांत घातलं ते फिटर निवृत्त होत आहेत किंवा विजेच्या इंजिनांकडे वळले आहेत. लोड बॉक्सवर, म्हणजे उभ्या इंजिनाची ताकद तपासायच्या यंत्रावर, इंजिन घेऊन आठव्या नॉचला आवाजावरून कुठला सिलिंडर नीट पेटत नाही हे सांगणारी माणसं आहेत. वंगणाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन त्यात कुठल्या धातूचे कण आहेत त्यावरून बेअरिंग झिजल्याचा निकाल येतो. पण निकाल येण्याआधी बोटांच्या चिमटीत तेल चोळून 'याला आत घ्या' म्हणणारे फिटर होते. हे ज्ञान पुस्तकात पूर्ण उतरत नाही. ते एका फिटरकडून दुसऱ्याकडे जातं, आणि त्यासाठी मध्ये चालू इंजिन लागतं. बंद इंजिनाच्या चौथऱ्याला माळी लागतो, फिटर लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुण्याच्या किंवा कल्याणच्या शेडमधला एक रूळ, छपरासकट, एका आल्कोसाठी राखून ठेवा. निवृत्त कर्मचाऱ्यांना मानधनावर बोलवा, आयटीआयची मुलं त्यांच्या हाताखाली द्या. रंग त्या शेडचा मूळचाच द्या, कारण प्रत्येक शेडचा रंग वेगळा असायचा आणि लांबून येणारं इंजिन कुठलं हे आम्ही पोरं त्यावरूनच सांगायचो. फलकावर स्केनेक्टडी लिहा, वाराणसी लिहा, 1969 साली काय झालं तेही लिहा. आणि दर वर्षी 12 एप्रिलला ते इंजिन मिरजेहून लातूरला न्या. मागे दोन-चार डबे शाळेच्या मुलांचे, आणि एक टँकर वॅगन पाण्यानं भरलेली. मार्गात पंढरपूर लागतं, कुर्डुवाडी लागतं, बार्शी लागतं. जिथे आधी कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची नॅरोगेज गाडी धावायची त्याच मुलखातून ते जाईल. लातूरला फलाटावर पोचलं की लगेच बंद करू नका. पाच मिनिटं तसंच धडधडत उभं राहू द्या, मुलांना जवळ येऊ द्या, आणि कुणीतरी फिटर खाली उतरून सांगेल की बघा, आता हा जो काळा धूर येईल ना, त्याला घाबरायचं नाही.